सेव्हिलचा तापा आणि आपलं बेसमेंट

पुरवणीसाठी स्पेनवर लेख देतो म्हटल्यावर आपल्या संपादकांनी आनंदाने होकार दिला. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा राजवाडे, फ्लामेंको आणि संत्र्याच्या बागा आल्या असाव्यात. लेख दारूवर आणि दारूबरोबर खायच्या पदार्थांवर आहे असं सांगितल्यावर फोनवर जरा शांतता पसरली. मग ते हळूच म्हणाले, "अहो, घरातली मुलंसुद्धा अंक चाळतात." मी म्हटलं, "म्हणूनच तर लिहितोय."

गेल्या ऑक्टोबरमध्ये एका कॉन्फरन्सच्या निमित्ताने दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिल शहरात आठवडाभर राहण्याचा योग आला. दिवसा मी कॉन्फरन्समध्ये असे आणि संध्याकाळी बायको आणि सोळा वर्षांची मुलगी यांच्याबरोबर गावात. सहा संध्याकाळी मिळाल्या. त्या सहाही संध्याकाळी आम्ही एकच काम केलं: उभं राहून खाल्लं, थोडं प्यायलो आणि चालत पुढच्या ठिकाणी गेलो. हे प्रवासवर्णन नाही. कुठे काय खावं याची यादी तर मुळीच नाही. तिथे जे पाहिलं त्यामुळे आपल्या घरच्या पार्ट्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागलो, त्याची ही चिकित्सा आहे.

आधी शब्दाचं बघू. अमेरिकेत आपण 'टापास' म्हणतो. स्पॅनिश 'त' हा आपल्या तबल्यातला 'त' आहे, त्यामुळे निदान या एका बाबतीत मराठी माणसाचा उच्चार शेजारच्या गोऱ्या माणसापेक्षा शुद्ध होतो. एक 'तापा', अनेक 'तापास'. पण आपण मराठीत लिहितो आहोत, तेव्हा डबा-डबे तसं तापा-तापे म्हणायला हरकत नसावी. 'तापा' म्हणजे झाकण. ग्लासात माशी पडू नये म्हणून वर पावाचा किंवा मांसाचा तुकडा ठेवत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. कुणी याचं श्रेय तेराव्या शतकातल्या दहाव्या अल्फोन्सो राजाला देतं, तर कुणी विसाव्या शतकातल्या तेराव्या अल्फोन्सोला. एकाच गोष्टीला सहाशे वर्षांच्या अंतरावरचे दोन राजे साक्षीदार असले की ती गोष्ट जरा जपूनच ऐकावी. पण झाकणाची कल्पना मात्र डोक्यात ठेवा. तिच्याकडे मी परत येणार आहे.

आपल्या भाषेत तापा नाही असं नाही. आपल्याकडे 'चखणा' आहे. शेंगदाणे, चकली, उकडलेलं अंडं, कांदा-टोमॅटो घातलेला मसाला पापड. पदार्थ म्हणून आपला चखणा सेव्हिलच्या ताप्यापुढे कुठेही मान खाली घालणार नाही. फरक पदार्थात नाही, दोघांच्या कामात आहे. आपला चखणा दारूची सोय करतो: आणखी एक पेग घशाखाली जावा म्हणून तो तिखट आणि खारट असतो. सेव्हिलमध्ये उलटं आहे. तिथे माणसं खायला आणि भेटायला येतात आणि ग्लास त्यांची सोय करतो.

पहिल्या संध्याकाळी आम्ही सात वाजता जेवायला निघालो आणि हसं करून घेतलं. त्या वेळी तिथे कुणी जेवत नाही. बहुतेक स्वयंपाकघरं साडेआठच्या सुमारास जागी होतात. गार्सिया दे विनुएसा रस्त्यावर 'कासा मोरालेस' नावाचं १८५० सालचं दुकान आहे. मागच्या खोलीत भिंतीला लागून माणसापेक्षा उंच मातीचे रांजण उभे आहेत, पूर्वी त्यांत वाइन साठवत. रांजण बघून बायकोला तिच्या आजोळचं माजघर आठवलं. हेरोना रस्त्यावरचं 'एल रिंकोन्सियो' तर १६७० पासून चालू असल्याचं सांगतात. तिथला माणूस तुमचा हिशेब खडूने समोरच्या लाकडी काउंटरवरच लिहितो आणि पैसे दिले की पुसून टाकतो. पंचवीस वर्षं डेटाबेसमध्ये घालवलेल्या माझ्यासारख्याला हे बघून भरून आलं. सगळ्यांना दिसणारा, जागच्या जागी असलेला आणि काम संपताच पुसला जाणारा रेकॉर्ड!

पण मला सगळ्यांत जास्त काय जाणवलं असेल तर तो उजेड. दारं सताड उघडी, दिवे लखलखीत. काउंटरपाशी ऐंशीच्या घरातल्या आजी हातात छोटा ग्लास घेऊन उभ्या. त्यांच्या शेजारी बाबागाडी, गाडीत झोपलेलं बाळ. ऑफिसातून आलेले चौघे, एक पोस्टमन आणि शाळेची बॅग पाठीवर असलेला एक मुलगा, जो बापाच्या बशीतले ऑलिव्ह उचलून खात होता. आवाज इतका की आपल्या मंगल कार्यालयाची आठवण व्हावी. तासाभराने माझ्या लक्षात आलं की या सगळ्या गर्दीत दारू चढलेला असा एकही माणूस दिसत नाही.

खाण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर वाचक मला माफ करणार नाहीत. आमच्या घरी बायको शाकाहारी आहे आणि स्पेनमध्ये शाकाहार ही सत्त्वपरीक्षा आहे. 'भाजी' म्हणून सांगितलेल्या पदार्थात हॅमचे तुकडे निघतात आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. साल्मोरेखो नावाचं टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल घोटून केलेलं दाट, थंड सार अप्रतिम लागतं. पण त्यावरही अंड्याबरोबर हॅम भुरभुरलेलं असतं. "सिन हामोन", म्हणजे हॅमशिवाय, हे दोन शब्द तिने पहिल्याच दिवशी पाठ केले. तिला तारलं ते 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' या ताप्याने. सोप्या शब्दांत, पालक-छोले. त्यात जिरं, लसूण आणि तळलेल्या पावाचं वाटण असतं. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "हे कुणीतरी आपल्याकडचंच माणूस करून गेलंय." तसं नाही. इथे पाचशेहून अधिक वर्षं अरबांचं राज्य होतं आणि आपल्या ओळखीचं जिरं या भागाच्या स्वयंपाकात चांगलं मुरलेलं आहे. मी आणि मुलीने कादिसकडच्या 'तोर्तियिता दे कामारोनेस' खाल्ल्या. बेसन आणि मैद्याच्या पातळ पिठात इवल्याशा कोळंब्या घालून तळलेली ही कुरकुरीत भजी कोकणातल्या कुठल्याही घरात खपून जाईल. एकेक तापा म्हणजे चार घास, किंमत साधारण तीन ते पाच युरो. ग्रानादा शहरात प्रत्येक ग्लासाबरोबर तापा फुकट देण्याची रीत आहे. सेव्हिलमध्ये पैसे मोजावे लागतात, पण निवड तुमची असते.

आता ग्लासाकडे वळू. इथली रोजची बिअर 'कान्या' नावाच्या छोट्या ग्लासात येते, सुमारे दोनशे मिलिलिटर. कारण साधं आहे. सेव्हिलच्या उन्हाळ्यात मोठा ग्लास अर्ध्यावर येईपर्यंत कोमट होतो. पण या भागाची खरी शान म्हणजे शेरी. शेरी म्हटलं की आपल्याला इंग्लिश म्हाताऱ्यांची गोड वाइन आठवते. इथली 'फिनो' आणि 'मान्सानिया' मात्र अगदी कोरडी, फिकट आणि बर्फासारखी थंड. फिनो मुख्यतः हेरेस गावची, मान्सानिया ग्वादालकिविर नदीच्या मुखाशी असलेल्या सानलुकारची.

फिनो बनते कशी हे ऐकून माझ्यातला इंजिनियर खूश झाला. सहाशे लिटरचं पीप मुद्दाम साधारण पाचशे लिटरच भरतात. वर मोकळी हवा राहते आणि वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टचा पांढरा थर धरतो. त्याला 'फ्लोर', म्हणजे फूल, म्हणतात. मला विचाराल तर ती वाइनवरची साय आहे. ही साय हवेला आत येऊ देत नाही आणि वाइनला तिची खास चव देते. त्यासाठी वाइनमध्ये अल्कोहोल पंधरा टक्क्यांच्या आसपास लागतं. सतराच्या वर नेलं की साय जगत नाही, हवा आत शिरते आणि तीच वाइन तपकिरी, अक्रोडाच्या वासाची 'ओलोरोसो' होते. दोन टक्क्यांच्या फरकाने आयुष्याची दिशाच बदलते!

पुढची गंमत 'सोलेरा' पद्धतीची. पिपांच्या रांगा एकीवर एक रचलेल्या असतात. विक्रीची वाइन सर्वांत खालच्या रांगेतून काढतात, पण पीप कधीच रिकामं करत नाहीत. काढलं तेवढं वरच्या, जरा तरुण रांगेतून भरतात आणि सर्वांत वरच्या रांगेत नवी वाइन येते. म्हणून शेरीच्या बाटलीवर सहसा साल नसतं. सोपं म्हणून एकच पीप धरा आणि दरवर्षी त्यातला एक तृतीयांश भाग बदलला असं माना. दहा वर्षांनी मूळची वाइन शेकडा दोनपेक्षाही कमी उरते, पण शून्य कधीच होत नाही. हे गणित मी बायकोला उत्साहाने समजावून सांगत होतो. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे विरजण?" बरोबर. कालच्या दह्याने आजचं दही लावायचं आणि भांडं पूर्ण रिकामं कधी करायचं नाही. आपल्या आयांना हे पीएचडी न करता येत होतं.

जोरकस पेयंही आहेत. हेरेसची ब्रँडी याच सोलेरा पद्धतीने शेरीच्याच जुन्या पिपांत मुरवतात. सेव्हिलच्या उत्तरेला कासाया नावाचं डोंगरी गाव बडीशेपेच्या वासाच्या दारूसाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात पाणी घातलं की ती दुधासारखी पांढरी होते. पण या दारवांची जागा ठरलेली आहे. रात्र संपताना, पोट भरल्यावर, एक छोटा ग्लास. संध्याकाळची सुरुवात तिथे कुणी ब्रँडीने करताना मला दिसलं नाही. आपण मात्र पार्टीची सुरुवातच व्हिस्कीने करतो आणि जेवण वाढतो रात्री अकराला, जेव्हा अर्ध्या लोकांना ते नको झालेलं असतं.

आता थोडं गणित. अमेरिकेत 'एक ड्रिंक' म्हणजे सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. सेव्हिलच्या एका कान्यात असतं साधारण साडेसात-आठ ग्रॅम. फिनोचा पाऊणशे मिलिलिटरचा ग्लास धरला तर नऊ ग्रॅमच्या आत. म्हणजे चार तासांत चार ठिकाणी जाऊन चार ग्लास घेतले तर एकूण तीस-पस्तीस ग्रॅम. आता आपलं बेसमेंट बघा. आपल्याकडचा 'प्रेमाचा' पेग मापाने ओतलेला मी अजून पाहिलेला नाही. तो नव्वद मिलिलिटरचा धरला तर त्यात व्हिस्कीचं अल्कोहोल होतं तीस ग्रॅम. सेव्हिलचा माणूस संपूर्ण संध्याकाळी, चार तास, चालत, बोलत आणि खात जेवढं पितो, जवळजवळ तेवढं आपण यजमानाच्या पहिल्या ग्लासात संपवतो. तोपर्यंत शेंगदाण्यांची वाटीसुद्धा फिरलेली नसते.

माझा डॉक्टरेटचा विषय कंट्रोल सिस्टिम्स होता. त्यातला पहिला धडा असा: तुम्ही दिलेल्या इनपुटचा परिणाम दिसायला उशीर लागत असेल, तर इनपुट थोडं थोडं द्या आणि मधे थांबून बघा. उशीरही जास्त आणि इनपुटही जास्त असेल तर यंत्रणा डोलायला लागते. दारूच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. घेतलेल्या ग्लासाचा पूर्ण परिणाम व्हायला अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून जास्त लागतो. त्या अवधीत आपण दोन पेग आणखी घेतलेले असतात. ताप्याची रीत हे सगळं न शिकवता साधते. ग्लास लहान, प्रत्येक ग्लासाबरोबर चार घास, बसायला खुर्ची नाही, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने पैसे देऊन, चपला झिजवून पुढच्या दुकानात जायचं. रस्त्यात थंड हवा लागते आणि आपण किती सरळ चालतो आहोत हे आपल्याला आणि बरोबरच्या मंडळींना कळतं. झाकण ते हेच. ग्लासावरच्या माशीचं नव्हे, पिणाऱ्याच्या हावरेपणाचं.

मी नाशिकचा. माझ्या लहानपणी द्राक्षं म्हणजे खायची द्राक्षं. नाशिकच्या वाइनचं नाव होऊ लागलं ते २००० नंतर. तोवर मी अमेरिकेच्या वाटेवर होतो. लहानपणी दारूशी माझी ओळख दोन गोष्टींतून झाली. एक, वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत भाजीच्या खाली लपवून आणलेली एका नातेवाइकांची बाटली. दुसरी, रस्त्यावरच्या पाट्या: 'परमिट रूम'. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारू पिण्यासाठी परवाना लागू लागला, तो कायद्याने आजही लागतो, आणि परमिट रूम हा शब्द त्यातूनच आला. काळ्या काचा, आत मिणमिणता लाल दिवा आणि समोरून जाताना आईने घट्ट धरलेला माझा हात. त्या काचांच्या आत काय आहे यापेक्षा, आत जो जातो तो कुणाला दिसू नये, हीच त्या खोलीची रचना होती.

पुढे आपण इथे आलो, घरं घेतली आणि प्रत्येक घराखाली एक परमिट रूम बांधली. तिला आपण 'फिनिश्ड बेसमेंट' म्हणतो. पार्टीच्या दिवशी आपल्या घराचे तीन मजले होतात. खाली पुरुषमंडळी आणि बाटल्या. मधे बायका आणि स्वयंपाक. क्वचित कुणी स्टीलच्या पेल्यात वाइन घेते, म्हणजे रंग दिसत नाही. वर मुलं आणि व्हिडिओ गेम. एका मजल्यावर काय चाललंय ते दुसऱ्याला दिसत नाही, आणि दिसू नये याची आपण सगळे काळजी घेतो.

आमच्या ग्रुपमधला एक मित्र असाच गेला. तीन वर्षं झाली. वय एक्कावन्न. त्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते लागणार नाही. अतिशय हुशार, गाता गळा, कुणाच्याही अडचणीला रात्री दोन वाजता गाडी घेऊन येणारा माणूस. तो जास्त पितो हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं. शेवटची दोन वर्षं त्याचे हात सकाळी थरथरत हेही मी पाहिलं होतं. एकदा मी त्याच्या गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी तो किस्सा विनोद म्हणून सगळ्यांना सांगितला. त्यानंतरच्या पार्टीत त्याचा ग्लास मीच भरला. यकृत निकामी होऊन तो गेला. शोकसभेत मात्र आम्ही सगळे "अचानक गेला" असंच म्हणत राहिलो.

सेव्हिलमधल्या चौथ्या संध्याकाळी नदीपलीकडच्या त्रियाना भागात एका काउंटरपाशी आम्ही उभे होतो. माझ्या हातात मान्सानिया, बायकोपुढे मधात घोळलेली वांग्याची तळलेली कापं, मुलीच्या हातात लिंबाचं सरबत. ती बराच वेळ आजूबाजूला बघत होती. मग तिने त्या मित्राचं नाव घेऊन विचारलं, "बाबा, काका असे इथे सगळ्यांसमोर प्यायले असते, तर कुणी त्यांना काही म्हटलं असतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही पूर्ण देता येत नाही. व्यसन हा आजार आहे. तापा खाऊन तो बरा होत नाही, आणि उजेडात उभं राहून प्यायल्याने यकृत वाचत नाही. स्पेनमध्येही व्यसनी माणसं आहेत आणि तीही घरातली माणसं गमावतात. पण मुलीने विचारलं होतं ते उपचाराबद्दल नव्हतं. ते 'कुणी काही म्हटलं असतं का' याबद्दल होतं. बेसमेंटच्या रचनेतच उत्तर आहे: जे कुणाला दिसत नाही त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. ज्याची आई, बायको आणि शेजारीण त्याच काउंटरपाशी उभी आहे, त्याचा पाचवा ग्लास निदान कुणाच्या तरी नजरेत भरतो.

सेव्हिलची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. समीक्षा करायची तर त्यांचीही करायला हवी. कॅथीड्रलच्या आसपास आता पदार्थांचे फोटो छापलेले मेनू, रस्त्यावरच्या खुर्च्या आणि सांग्रियाचे जग दिसतात. पाएया हा मुळात व्हॅलेन्सियाकडचा दुपारच्या जेवणाचा भात. तो इथे पर्यटकांना रात्री गरम करून वाढतात. काही ठिकाणी छोटा तापा मिळतच नाही, मोठी बशीच घ्यावी लागते. म्हणजे मूळ कल्पनाच मोडली. तरुणांमध्ये उघड्यावर जमून बाटल्या रिचवण्याची 'बोतेयोन' नावाची प्रथा इतकी वाढली की अंदालुसियाच्या सरकारला २००६ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. एप्रिलच्या सुप्रसिद्ध जत्रेत हजाराहून अधिक तंबू उभे राहतात, पण त्यांतले बहुतेक खाजगी. ओळख नसेल तर बाहेरूनच नाच बघायचा. आपल्या मंडळांतल्या ग्रुपांचीच आठवण झाली.

आणि एक जुनी जखम. त्रियानाच्या बाजाराखाली सान होर्खे किल्ल्याचे अवशेष आहेत. १४८१ पासून इन्क्विझिशनचं ठाणं तिथे होतं. त्या काळात डुकराचं मांस टाळणारा माणूस गुप्तपणे ज्यू किंवा मुसलमान धर्म पाळतो असा संशय घेत आणि ते टाळणं हा त्याच्याविरुद्ध पुरावा होऊ शके. काउंटरवर टांगलेल्या हॅमकडे बघताना मला हे विसरता आलं नाही. ताटातला पदार्थ हा निष्ठेची परीक्षा झाला की खाण्यातली माया संपते. पण हे लिहिताना मला आपल्या पार्ट्यांतलं वाक्यही ऐकू येतं: "एक तरी घे रे, असं काय करतोस!" न पिणाऱ्याला आपण जाळत नाही, पण त्याला आपल्यातला मानत नाही. आजच्या सेव्हिलमध्ये मात्र शेजारच्या माणसाने बिनअल्कोहोलची बिअर मागितली किंवा नुसतं पाणी घेतलं, तरी कुणी वळून बघत नाही. स्पेनमध्ये तशी बिअर अगदी सर्रास मिळते.

परत आल्यावर मोठ्या हौसेने आमच्या शहरातल्या एका 'टापास' रेस्टॉरंटमध्ये गेलो. मंद दिवे. आठवड्याआधी रिझर्व्हेशन. दीड तासात टेबल रिकामं करण्याची सूचना. चार घासांची बशी सोळा डॉलरला आणि वाइनचा ग्लास भोपळ्याएवढा. वेट्रेसने प्रेमाने समजावलं की हे पदार्थ 'शेअर' करण्यासाठी आहेत. आम्ही तिघं गुपचूप शेअर करत बसलो. पदार्थ चुकलेले नव्हते, चव चांगली होती. पण ग्लास मोठा, खुर्ची पक्की आणि अंधार. तापा आणला आणि त्याची रीत कस्टम्समध्येच राहिली.

शेवटी आमच्या घराचं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. त्यामुळे 'थोडी घ्यावी, बरी असते' असं मी कुणालाही सांगणार नाही, मुलीला तर नाहीच. दोन वर्षांनी ती कॉलेजच्या वसतिगृहात असेल. कायदा एकवीस वर्षांचा असला तरी कधीतरी कुणीतरी तिच्या हातात लाल प्लास्टिकचा ग्लास देईलच. त्या वेळी तिला काय आठवावं, बेसमेंटचं बंद दार की त्रियानाचा तो काउंटर, एवढीच निवड माझ्या हातात आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे वीस माणसं जेवायला होती. बेसमेंटचं दार बंद ठेवलं आणि बाटल्या जेवणाच्या टेबलावर, भज्यांच्या शेजारी मांडल्या. मोठे ग्लास लपवून छोटे काढले. पेग मापाने ओतला तेव्हा "काय रे, कंजूस झालास!" हे ऐकावं लागलं. पहिला अर्धा तास सगळे अवघडून उभे होते. दोघेजण सवयीने बेसमेंटच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आले. नंतर एका वहिनींनी स्वतःसाठी काचेच्या ग्लासात वाइन ओतली आणि कुणी काही बोललं नाही. साडेआठला जेवायला बसलो.

त्या रात्री एका मित्राने तिसऱ्यांदा ग्लास पुढे केला. माझ्या शेजारी मुलगी पापड तळत होती. मी त्याला विचारलं, "बरा आहेस ना? आधी थोडं खाऊन घेतोस का?" एवढंच. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. हे वाक्य मी तीन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या माणसाला म्हणायला हवं होतं.

वाचकांचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. पत्र उघडंच पाठवा, पुढच्या अंकात छापू.